खमिराचे गुण आणि दारूचे अवगुण

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की चलथाण, कडोदरा, बारडोलीच्या पट्ट्यात डांग, नंदुरबार, धुळे या भागांतून कोयत्याची मंडळी येतात. पहाटेपासून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. इतक्या अंगमेहनतीनंतर संध्याकाळी कोठे चोरून ताडी, कोठे मोहाची, तर कोठे हद्दीपलीकडून आणलेली बिअर घेतली जाते. शेतमालकांच्या घरीही हा प्रकार अगदीच नाही असे नव्हे. कोणी टोकले तर उत्तर तयार असते : "ताडी म्हणजे दारू नव्हे, टॉनिक आहे. बिअर तर जवाचे पाणी. त्यात जीवनसत्त्वे असतात." बायबल वाचणारा एखादा भाऊ तर पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितल्याची आठवणही करून देतो.

हे म्हणणे सपशेल खोटे असते तर त्याला उत्तर देणे सोपे गेले असते. पण त्यात अर्धे सत्य आहे. आंबवलेल्या पेयात जीवनसत्त्वे तयार होतात ही गोष्ट खरी आहे. ती वाढवण्यासाठी शास्त्रज्ञांनी निरनिराळे प्रयत्नही केले आहेत. म्हणून हे सत्य नक्की कशात आहे, खमिरात की दारूत, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. कारण याच खमिराने आपल्या मुंबईत मरणाच्या दारातल्या गरोदर बायका वाचवल्या आहेत, आणि त्यांना दारूचा एक थेंबही द्यावा लागला नाही.

खमीर काय करते

खमीर म्हणजे यीस्ट हा एकपेशीय सजीव आहे. तो इतका लहान असतो की एक मिलिमीटर लांबीच्या रेषेवर शंभर-दोनशे पेशी ओळीने बसतील. त्याचे खाणे म्हणजे साखर. साखर खाऊन तो दोन वस्तू बाहेर टाकतो : एक कर्बवायू आणि दुसरी मद्यार्क. पावाचे पीठ फुगते ते या वायूमुळे. भट्टीत पाव भाजला की मद्यार्क जवळजवळ सगळा उडून जातो. पिंपात जवाचा रस आंबवला तर मात्र मद्यार्क रसातच राहतो आणि त्याची बिअर होते.

ताडाचा किंवा शिंदीचा रस झाडावरून उतरवला तेव्हा गोड असतो, त्याला नीरा म्हणतात. हवेतले आणि मडक्यातले खमीर त्यात शिरले की काही तासांत तिची ताडी होते. गोव्याचे पदेर याच माडाच्या सुरेने पाव फुगवत असत. सान्ना आणि वसईकडचे फुगे यांतही पूर्वी ताडी घालण्याची चाल होती. आपल्या साखर कारखान्यातून निघणारी मळी, म्हणजे मोलॅसिस, हे तर खमिराचे आवडते खाद्य. पाववाल्यांचे यीस्ट मळीवरच वाढवतात आणि मद्यार्कही मळीपासूनच काढतात. एकाच उसापासून, एकाच सजीवाच्या हातून पावही होतो आणि दारूही होते. कोणती वाट धरायची हे माणूस ठरवतो.

वाढत असताना खमीर आपल्या अंगात 'ब' गटातली बरीच जीवनसत्त्वे साठवते. रिबोफ्लेविन, निआसिन, फोलेट ही त्यांतली मुख्य. ब-१२ मात्र ते बनवत नाही, हे ध्यानात ठेवावे. 'ब' गटाच्या जीवनसत्त्वांचा शोध लागण्यातही खमिराचा मोठा वाटा आहे. बेल्जियममधल्या लूव्हाँच्या कॅथलिक विद्यापीठात वील्डिये या संशोधकाने १९०१ साली दाखवले की नुसती साखर आणि क्षार दिले तर थोडेसे खमीर नीट वाढत नाही. त्याला आणखी कशाची तरी अल्प मात्रा लागते. या अज्ञात वस्तूला त्याने 'बायोस' म्हटले. पुढे कळले की ती एक वस्तू नसून बायोटिनसारख्या अनेक पदार्थांचे मिश्रण होते.

आता बिअरमध्ये काय घडते ते पाहा. जवाच्या रसातले ब-१, म्हणजे थायमिन, खमीर पहिल्या काही तासांतच शोषून घेते आणि आपल्या पेशीत ठेवते. आंबण्याचे काम संपले की खमीर तळाशी बसते. कारखान्यात ते काढून टाकतात आणि बिअर गाळून स्वच्छ करतात. म्हणजे पिकाचा दाणा गाळाबरोबर गेला आणि पेंढा पेल्यात राहिला, असाच हा प्रकार. गाळलेल्या बिअरमध्ये काही जीवनसत्त्वे थोडीफार उरतात, पण खरा साठा गाळात असतो.

मुंबईतला शोध

हा गाळ पूर्वी फेकून देत. लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने दाखवले की तो आटवून खाण्याजोगा अर्क करता येतो. इंग्लंडमध्ये बर्टन या गावी १९०२ साली असा अर्क विकणारी कंपनी निघाली. शेजारच्या बिअर कारखान्याचा गाळ ती वापरत असे. काळ्या, खारट, चिकट अशा त्या अर्काचे नाव मार्माइट.

१९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज बाई मुंबईत आल्या. बाळंतपणात बायका एवढ्या का मरतात याची चौकशी तेव्हा परळच्या हाफकिन संस्थेत चालू होती. डॉ. मार्गारेट बाल्फोर या तिच्या प्रमुख होत्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात एक विलक्षण रक्तक्षय होई. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने फार कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. बाई पांढरीफटक पडे, पाय सुजत, दम लागे आणि बाळंतपणाच्या सुमारास पुष्कळ जणी दगावत. लोह देऊन उपयोग होत नसे.

डॉ. विल्स यांनी प्रथम जंतू शोधले. मग त्यांचे लक्ष जेवणाकडे गेले. ज्यांच्या ताटात भाजीपाला, फळे, दूध कमी त्यांनाच हा आजार जास्त, असे त्यांना दिसले. त्यांनी तसाच निकृष्ट आहार उंदरांना आणि पुढे माकडांना दिला. त्यांनाही रक्तक्षय झाला. अनेक उपाय करून पाहिल्यावर मार्माइट दिले तेव्हा गुण आला. मग ते आजारी बायकांना दिले. काही दिवसांतच भूक लागू लागली, रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या आणि उठता न येणाऱ्या बाया चालू लागल्या. १९३१ साली त्यांनी हा अनुभव ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. यकृताच्या अर्कानेही गुण येई, पण तो महाग. मार्माइट गरिबाला परवडणारे होते.

खमिरातली ती वस्तू कोणती हे तेव्हा माहीत नव्हते. कित्येक वर्षे तिला 'विल्स घटक' म्हणत. १९४१ साली अमेरिकेत टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी चार टन पालकाच्या पानांतून तसा पदार्थ काढला आणि लॅटिनमधल्या 'पान' या शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड असे नाव दिले. पुढे भीमावरम येथे जन्मलेले आपले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने तयार झाले. आज सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला जी तांबडी गोळी फुकट मिळते, तिच्यातला एक भाग म्हणजे हेच फॉलिक ॲसिड. गोळीचा उगम असा परळच्या प्रयोगशाळेत आणि गिरणीतल्या बायांच्या दुखण्यात आहे.

खमिराची नवी वाणे

उसाची जशी वाणे असतात, एक को ८६०३२ तर दुसरे आणखी कोणते, तशी खमिराचीही शेकडो वाणे आहेत. एकाचा पाव चांगला फुगतो, दुसऱ्याला वास चांगला येतो, तिसरे थंडीत काम करते. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सेन याने १८८३ साली एकाच पेशीपासून शुद्ध खमीर वाढवून दाखवले, तेव्हापासून वाण निवडण्याचे काम शास्त्रशुद्ध झाले. आपल्या धर्मातले संन्यासीही यात मागे नाहीत. बेल्जियममधल्या शिमे येथील ट्रॅपिस्ट मठात फादर तेओदोर यांनी लूव्हाँचे प्राध्यापक द क्लेर्क यांच्या मदतीने १९४८ साली मठाच्या बिअरसाठी खमिराचे खास वाण वेगळे केले. त्यांचा हेतू चवीचा होता, जीवनसत्त्वाचा नव्हे.

बिअरमध्ये जीवनसत्त्व वाढवण्याची कल्पनाही जुनीच आहे. खमिराच्या पेशीत एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. त्यावर अतिनील किरण पाडले की त्याचे 'ड' जीवनसत्त्व होते. हा शोध लागल्यावर काही वर्षांतच, १९३६ साली, अमेरिकेतल्या मिल्वॉकीच्या श्लिट्झ कंपनीने 'ड' जीवनसत्त्व असलेली 'सनशाइन' बिअर बाजारात आणली. जाहिरात अशी की हिवाळ्यातही उन्हाचा लाभ. ती बिअर आज इतिहासजमा झाली आहे.

शास्त्रज्ञ आता वाणच सुधारण्याच्या मागे आहेत. याच्या रीती शेतकऱ्याला सहज समजतील. पहिली रीत निवडीची : शेकडो वाणे वाढवून पाहायची आणि ज्यात जीवनसत्त्व जास्त ते ठेवायचे. दुसरी रीत संकराची. तिसरी रीत मोठी युक्तीची आहे. जीवनसत्त्वासारखाच दिसणारा पण विषारी असा नकली पदार्थ खाद्यात मिसळतात. साध्या पेशी त्याने मरतात. जी पेशी खरे जीवनसत्त्व भरपूर बनवते तीच तगते, आणि ती उचलून वाढवायची. रोगट जमिनीत तगलेले रोप बेण्यासाठी राखावे, तसेच हे. चौथी रीत जनुकांत बदल करण्याची. रिबोफ्लेविन तर आज कारखान्यात अशाच सूक्ष्म सजीवांकडून मोठ्या प्रमाणावर बनवून घेतात.

पण बिअरच्या बाबतीत एक मूळ अडचण राहतेच. खमीर जीवनसत्त्व स्वतःच्या गरजेसाठी बनवते आणि पेशीतच ठेवते. ते रसात सोडणारे वाण काढावे लागते, नाही तर गाळ पेल्यातच ठेवावा लागतो. पावाला ही अडचण नाही, कारण पावात खमीर सगळेच्या सगळे खाल्ले जाते. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या शास्त्रज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या कामात खमिराचे योग्य वाण निवडून आणि ते वाढवण्याची रीत बदलून पांढऱ्या पावातले फोलेट तीन ते पाच पट करून दाखवले. पीठ तेच, भट्टी तीच, फक्त वाण वेगळे. आपल्याला शिकण्यासारखे आहे ते यातून.

मग पेल्यातून का नको?

उद्या कोणी जीवनसत्त्वांनी भरलेली बिअर काढली तरी ती आपल्या कामाची नाही. याला चार कारणे आहेत.

पहिले, मद्यार्क हा या जीवनसत्त्वांचा वैरी आहे. तो आतड्यातून थायमिन आणि फोलेट शोषले जाण्यात अडथळा आणतो, फोलेट लघवीवाटे घालवतो आणि ज्या यकृतात त्याचा साठा असतो ते यकृतच बिघडवतो. रोज पिणाऱ्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोठ्या झालेल्या पुष्कळदा आढळतात. गिरणीतल्या बायांच्या रक्तात डॉ. विल्स यांना मोठ्या पेशीच दिसल्या होत्या. थायमिन फार कमी झाले तर पिणाऱ्याचा तोल जातो, डोळे नीट हलत नाहीत, भ्रम होतो आणि पुढे स्मृती कायमची जाते. १९७८ साली अमेरिकेत दोघा डॉक्टरांनी दारूतच थायमिन घालण्याची सूचना मांडली होती. ऑस्ट्रेलियाने मात्र १९९१ पासून ते पावाच्या पिठात घालणे सक्तीचे केले. पाव सगळे खातात. पिणारा खातो आणि त्याची बायकामुलेही खातात.

दुसरे कारण यातूनच निघते. घरात जीवनसत्त्वाची गरज कोणाला जास्त आहे? गरोदर सुनेला, अंगावर पाजणाऱ्या आईला, वाढत्या पोरींना. पेला असतो पुरुषाच्या हातात. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातमधल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ६५ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. देशाचा आकडा ५७ टक्के होता. आणि गरोदर बाईने तर दारूला शिवूच नये, पोटातल्या बाळाला त्याने इजा होते.

तिसरे, पैसा. ताडीवर किंवा बाटलीवर जाणाऱ्या पैशात आठवड्याची मेथी, मूग आणि अंडी येतात.

चौथे, कायदा आणि जीव. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा गुजरातने १९६० पासून चालू ठेवला आहे. चोरट्या दारूत काय मिसळले आहे हे पिणाऱ्याला कळत नाही. जुलै २०२२ मध्ये बोटाद भागात चाळिसांहून अधिक माणसे मेली, ती कारखान्यातून चोरलेले मिथाइल अल्कोहोल प्यायल्याने.

राहता राहिले पौलाचे सांगणे. ते एका आजारी माणसाला, थोडे आणि औषध म्हणून होते. आज औषधाची गोळी आपल्या आरोग्य उपकेंद्रात आहे.

आपल्या चुलीवर आणि शेतात

आंबवण्याचा गुण घेण्यासाठी दारू लागत नाही. इडली, ढोकळा, हांडवा, ज्वारी-नाचणीची आंबील हे सगळे आंबवलेलेच पदार्थ आहेत. यांतले काम मुख्यत्वे जिवाणू करतात, खमीर त्यांच्या सोबतीला असते. आंबवण्याने 'ब' गटातली काही जीवनसत्त्वे वाढतात आणि धान्यातले लोह अंगी लागणे सोपे होते. आफ्रिकेतल्या खेड्यांत मक्याचे आंबवलेले पेय गाळासकट पितात. त्याचा अभ्यास करून डॉ. प्लॅट यांनी सांगितले होते की आंबवल्याने मक्यातले रिबोफ्लेविन आणि निआसिन वाढते. आपल्या आंबिलीत हा लाभ दारूवाचून मिळतो. खावटीची ज्वारी नुसती भाकरीत संपवण्यापेक्षा थोडे पीठ रात्री ताकात भिजवून सकाळी शिजवावे.

पाववाल्याचे यीस्ट कच्चे कधी खाऊ नये. जिवंत खमीर पोटात गेले तर अन्नातले थायमिन तेच ओढून घेते. शिजवलेले किंवा भाजलेलेच घ्यावे.

फोलेटचे खरे भांडार पालेभाज्यांत आणि डाळींत आहे. मेथी, पालक, तांदुळजा, अंबाडी, शेवग्याचा पाला, हरभरा, मूग, चवळी, उडीद यांत ते भरपूर असते. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. फार वेळ उकळू नये आणि उकळलेले पाणी फेकू नये, कारण फोलेट उष्णतेने नासते आणि पाण्यात उतरते. पालावर राहणाऱ्या कुटुंबानेही मूठभर मूग फडक्यात बांधून मोड आणावेत. त्याला ना जागा लागते ना चूल.

ज्यांचे शेत आहे त्यांनी उसाच्या लागणीनंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत सरींमध्ये मूग, उडीद, मेथी किंवा कोथिंबीर घ्यावी. ऊस लहान असतो तोवर जमिनीला ऊन मिळते. मूग-उडीद जमिनीला नत्रही देतात. आपल्या घरापुरते ठेवून थोडी भाजी आपल्या फडात राबणाऱ्या कोयत्याच्या बायांना द्यावी. ते धर्माचेही काम आहे आणि माणुसकीचेही.

आता गोळीविषयी. गरोदर बाईने पहिले तीन महिने फॉलिक ॲसिड घ्यावे. शक्य असेल तर दिवस राहण्याआधीपासूनच घ्यावे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश संशोधनाने दाखवले की ज्या आईला आधी पाठीच्या कण्यात दोष असलेले मूल झाले होते, तिने दिवस राहण्यापूर्वीपासून ते घेतल्यास पुढच्या मुलात तो दोष होण्याचा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी कमी होतो. अशा आईला मात्रा जास्त लागते, ती डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. चौथ्या महिन्यापासून लोह आणि फॉलिक ॲसिडची तांबडी गोळी रोज एक, अशी १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायची असते. ती चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. शौचाला काळे होते म्हणून घाबरून बंद करू नये.

आपल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेलचा आजार पुष्कळ आहे. अशा रुग्णाला डॉक्टर बहुधा रोज फॉलिक ॲसिड देतात, पण लोहाची गोळी तपासणीशिवाय घेऊ नये. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. जुलै २०२३ पासून यासाठी राष्ट्रीय मोहीमही चालू आहे. हातापायांना मुंग्या येणे, जीभ लाल होणे अशी लक्षणे असतील तर ब-१२ ची कमतरता असू शकते. तेथे नुसते फॉलिक ॲसिड घेऊन भागत नाही, उलट दुखणे झाकले जाऊन नसांना इजा होते. ब-१२ साठी दूध, अंडी, मासळी आणि डॉक्टरांचा सल्ला हवा.

कोयत्याची कुटुंबे हंगामात गाव सोडून येतात, त्यामुळे त्यांच्या गोळ्या मध्येच बंद पडतात. आपल्या शेतात किंवा शेजारच्या पालावर कोणी गरोदर बाई असेल तर तिला जवळच्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंकडे किंवा आशा कार्यकर्तीकडे घेऊन जावे. सोबत तिचे गावाकडचे माता-बाल कार्ड असावे. नसले तरी तिची रक्ततपासणी करून घ्यावी आणि गोळ्या मिळाल्यावर ती त्या खाते की नाही, याची आठ दिवसांनी पुन्हा विचारपूस करावी.